तुराणी कुळाची कुळकथा

१७०८ साली नांदेडला गोदाकाठी बहादूरशाह बादशहाची छावणी पडली होती. भाऊ कामबक्ष याचा बंदोबस्त करायला बादशहा हैदराबादच्या रोखाने निघाला होता. त्याच्या लष्कराबरोबर गुरू गोविंदसिंग आले आणि नांदेडलाच राहिले. ते नवव्या गुरूंचे, म्हणजे तेगबहादूरांचे चिरंजीव. इथेच त्यांना माधोदास नावाचा बैरागी भेटला आणि तो पुढे बंदासिंग बहादूर म्हणून पंजाबच्या इतिहासात गेला. बादशहा, नववे गुरू आणि बैरागी अशा तिघांच्या नावांना चिकटलेला 'बहादूर' हा शब्द मात्र पंजाबी नाही, मराठी नाही आणि मुळात फारशीही नाही. फारशीने तो मध्य आशियातून उचलला. तिथे त्याचं रूप 'बघातुर' असं होतं. मंगोल वीरांच्या नावामागे तो लागे आणि त्याच्या कितीतरी आधी तुर्की टोळ्यांतही लागत असे. आता तुर्कांनी तो मंगोलांच्या पूर्वजांकडून घेतला, की मंगोलांनी तुर्कांकडून, की दोघांनाही तो एकाच खापरपणजोबाकडून वारशाने मिळाला?

या एका प्रश्नावर भाषाशास्त्रातलं एक जुनं भांडण उभं आहे. इस्तंबूलपासून सायबेरियापर्यंत पसरलेल्या तुर्की भाषा, मंगोलियातल्या मंगोली भाषा आणि मांचू-एवेंकी वगैरे तुंगूसी भाषा या तिघींचं कुळ एकच, असं एक पक्ष म्हणतो. अल्ताई पर्वतावरून त्या कुळाला त्याने 'अल्ताई' हे नाव दिलं. काहीजण कोरियन आणि जपानीलाही त्यात बसवतात. दुसरा पक्ष म्हणतो, कुळबीळ काही नाही. या हजारो वर्षं एकमेकींच्या शेजारी राहिल्या, एकमेकींचं घेत-देत गेल्या, एवढंच.

या भांडणाशी नांदेड-लातूरचा संबंध काय, असं वाटेल. संबंध आहे, आणि चांगला जाड आहे.

आधी शब्दच घेऊ. चंगीजखानाच्या उमेदीच्या काळात आपली टोळी, आपली भाऊबंदकी मागे टाकून एखाद्या सरदाराशी इमान बांधणारा जो सोबती असे, त्याला मंगोलीत 'नोकोर' म्हणत. बोओर्चू, जेल्मे हे चंगीजचे असे नोकोर. त्याच्या शेजारी बसणारे, त्याच्यासाठी जीव देणारे. फारशीत जाऊन त्याचा 'नौकर' झाला आणि मराठीत 'नोकर'. दर्जा एवढा घसरला की सोबत्याचा घरगडी झाला. आजच्या मंगोलीत याच शब्दाचा अर्थ नवरा किंवा मित्र असा होतो आणि साम्यवादी राजवटीत 'कॉम्रेड'लाही हाच शब्द होता. लातुरात शिकवण्यांच्या पाट्यांखालून सरकारी नोकरीच्या आशेने जाणारी पोरं चंगीजच्या तंबूतला शब्द घेऊन फिरतात, हे त्यांना कुणी सांगत नाही. स्पर्धा परीक्षेत विचारत नाहीत म्हणून असेल.

'दारोगा' तसाच. मंगोलीत 'दारु' म्हणजे दाबणे. जिंकलेल्या मुलखावर बसवलेला, शिक्का दाबणारा अधिकारी तो दारुगा. 'कूच', 'कुमक', 'यलगार', 'चकमक', 'चंदावल' हे तुर्की. उदगीरच्या लढाईचं, म्हणजे फेब्रुवारी १७६० चं, कुठलंही वर्णन उघडा. सदाशिवरावभाऊंची फौज, इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना, समोर सलाबतजंग आणि निजामअली. यातली कूच, कुमक, चकमक काढून टाका आणि मग लढाई सांगून दाखवा. तोफसुद्धा तुर्कीच. मराठ्यांनी निजामाला हरवलं, पण हरवल्याची बखर लिहायला शब्द त्याच्याच वाडवडिलांच्या मुलखातले वापरले. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश केला आणि दरबारी यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी कूच आणि कुमक जागच्या हलल्या नाहीत.

शब्दच नव्हे, प्रत्ययही आला. 'मशालची'तली मशाल अरबी, पण 'ची' तुर्की: काम करणारा, धंदा करणारा. तोपचीतही तोच. मंगोलीतही हा प्रत्यय जवळजवळ तसाच आहे. परक्या भाषेचे शब्द घेता येतात, प्रत्यय मात्र घरचाच असतो, असं कुणी ठामपणे सांगू लागला तर त्याला मशालची दाखवावा.

हे सगळे शब्द आपल्याकडे थेट आले नाहीत. फारशीच्या हाताने आले. म्हणूनच गेरहार्ड डोर्फर या जर्मन पंडिताचं काम आपल्याला जवळचं आहे. फारशीत शिरलेल्या तुर्की आणि मंगोली शब्दांचा त्याने १९६३ ते १९७५ या काळात चार खंडांचा जाडजूड कोश केला. नोकर, दारोगा, बहादूर, उर्दू (मूळ 'ओर्दू', म्हणजे छावणी), सगळे त्यात आहेत. गंमत अशी की अल्ताई कुळाचा सगळ्यात कडवा विरोधक हाच डोर्फर. एक शब्द एका भाषेतून दुसरीत कसा जातो, वाटेत काय बदलतो, कुठल्या शतकात दिसू लागतो, हे आयुष्यभर तपासणाऱ्या माणसाने निकाल दिला की तुर्की-मंगोलीतलं साम्य हे उसनवारीचं साम्य आहे. माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश डोर्फरच्या शेजारी ठेवून कुणी वाचला, तर मराठवाड्याच्या बोलण्यातला मध्य आशिया पानोपानी सापडेल.

आता 'तुराणी' या नावाकडे वळू. मराठी वाचकाला ते ओळखीचं आहे. मोगल दरबारात इराणी आणि तुराणी असे सरदारांचे दोन गट होते. तुराणी म्हणजे ऑक्सस नदीपलीकडच्या समरकंद-बुखाऱ्याकडून आलेले. आसफजाही घराणं या तुराण्यांचं. मूळ पुरुष ख्वाजा आबिद समरकंदाकडून आला आणि १६८७ मध्ये गोवळकोंड्याच्या वेढ्यात जखमी होऊन मेला. त्याच्या नातवाला औरंगजेबाने 'चिन किलिच खान' हा किताब दिला. यातला किलिच म्हणजे तुर्की भाषेत तलवार. हाच १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला मुबारिजखानाचा पाडाव करून दख्खनचा धनी झालेला निजाम-उल-मुल्क. त्याच्या वंशजांनी नांदेड-उदगीरच्या मुलखावर १९४८ पर्यंत राज्य केलं. त्याआधी गोवळकोंड्याचा कुतुबशाही संस्थापक सुलतान कुली हमदानहून आलेला, काळ्या मेंढ्यांच्या निशाणाखालच्या तुर्कमान टोळीतला. 'कुली' म्हणजे तुर्कीत दास. (रेल्वे स्टेशनवरचा कुली याच घरचा, की कोळी या जातीच्या नावावरून आलेला, की तमिळ-कन्नडातल्या मजुरी या अर्थाच्या 'कूलि'वरून, यावर वेगळं भांडण आहे. तिन्ही दावेदार दिसायला सारखेच खरे वाटतात.)

पण तुराणी हे नाव किती पोकळ होतं पाहा. आसफजाही घराणं आपला वंश सांगे अरबस्तानातल्या अबू बकरापर्यंत. दफ्तर चाले फारशीत. आणि तुराण हा शब्द? फिरदौसीच्या शाहनाम्यात इराणचा हाडवैरी देश तुराण. पुढे लोकांनी तुराण म्हणजे तुर्क असं समीकरण मांडलं. अवेस्तात मात्र 'तूर' लोकांची नावं इराणी वळणाचीच आहेत. ते इराण्यांचेच भटके भाऊबंद असावेत. म्हणजे तुराणी हा कधी प्रदेश होता, कधी शत्रू होता, कधी दरबारातला गट होता. भाषा तो कधीच नव्हता.

तो भाषा झाला १८५४ मध्ये, मॅक्स म्युलर या पंडिताच्या हातून. त्याने जगातल्या भाषांचे मोठे ढीग केले: आर्य, सेमिटिक, आणि चिनी सोडून आशिया-युरोपातलं उरलेलं जवळपास सगळं 'तुराणी'. तुर्की, मंगोली, मांचू, फिनिश तर त्यात होत्याच, पण तेलुगू, कन्नड, तमिळ, गोंडीसुद्धा त्याच ढिगात गेल्या. दोनच वर्षांनी, १८५६ साली, तिरुनेलवेलीतल्या रॉबर्ट काल्डवेल या मिशनऱ्याने द्राविड भाषांचं तौलनिक व्याकरण छापलं. द्राविड हे स्वतंत्र कुळ आहे हे त्याने पक्कं केलं. पण जाता जाता या कुळाचे दूरचे सोयरे 'सिथियन', म्हणजे पुन्हा तुर्क-मंगोल-फिन गटातले, असंही सुचवलं. या हिशेबाने निजामाच्या वाडवडिलांची तुर्की, देगलूर-धर्माबादची तेलुगू, निलंगा-उदगीरच्या सीमेवरची कन्नड आणि किनवट-माहूरच्या डोंगरातली गोंडी-कोलामी या सगळ्या एका कुळातल्या. मधोमध मराठी तेवढी परक्या घरची.

म्युलर-काल्डवेल वेडे नव्हते. तुर्की वाक्य समोर आलं की कन्नड जाणणारा माणूस थबकतोच. तुर्कीत घर म्हणजे 'एव', घरं म्हणजे 'एव-लेर', माझ्या घरांत म्हणजे 'एव-लेर-इम-दे'. कन्नडमध्ये घर म्हणजे 'मने', घरांत म्हणजे 'मने-गळ-अल्लि', बोलताना 'मनेगळल्लि'. अनेकवचनाचा तुकडा वेगळा, 'आत'चा तुकडा वेगळा, एकामागून एक मणी ओवावेत तसे. संस्कृतमधल्या 'गृहेषु'त वचन आणि विभक्ती एकाच प्रत्ययात विरघळून गेलेली असते, तसं इथे नाही. शिवाय क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि शब्दयोगी अव्यय नामाच्या मागे. ढाचा हुबेहूब.

ढाचा किती फसवा असतो, यासाठी उदगीरच्या बाजारात कुठेही ऐकू येईल असं एक वाक्य घेतो: उद्या येतो म्हणून सांगितला. दख्खनीत: कल आतूँ बोलके बोल्या. तेलुगूत: रेपु वस्तानु अनि चेप्पाडु. कन्नडमध्ये: नाळे बर्तीनि अंत हेळिद. हेच तुर्कीत होतं 'यारिन गेलेजेइम दिये सोयलेदी' आणि मंगोलीत 'मार्गाश इर्न गेज हेलसेन'. म्हणून, बोलके, अनि, अंत, दिये, गेज. प्रत्येकीने 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदाचं एक रूप घेऊन वाक्याच्या मध्ये खुंटी म्हणून ठोकलं आहे. सहा भाषा आणि वाक्य एकच.

इथेच आणखी एक सापळा आहे. कन्नडचं 'हेळिद' आणि मंगोलीचं 'हेलसेन', दोन्हींचा अर्थ 'सांगितलं'. अल्ताई-द्राविड सोयरीक जुळवायला निघालेल्याला हे घबाड वाटेल. पण कन्नडमधला हा 'ह' जुना नाही. जुन्या कन्नडमध्ये शब्द होता 'पेळ्'. मध्ययुगात कन्नडच्या शब्दारंभीच्या 'प'चा 'ह' झाला: तेलुगूत दूध 'पालु' तर कन्नडमध्ये 'हालु', वाघ तिकडे 'पुलि' इकडे 'हुलि', फळ तिकडे 'पंडु' इकडे 'हण्णु'. मंगोलीतला 'हेल'ही आधी 'केले' होता, जीभ या अर्थाचा. 'पेळ्' आणि 'केले' शेजारी ठेवा; नातं संपलं. तेलुगू-कन्नडचं नातं मात्र याच नियमाने सिद्ध होतं, कारण 'प'ला 'ह' एकदा नाही, ओळीने पडतो. भाषेची सोयरीक चेहऱ्यावरून ठरवायची नसते, असा नियम सापडला तरच मानायची असते. द्राविड आणि अल्ताई यांच्यात तो सापडला नाही आणि म्युलरचा तुराणी ढीग एकोणिसाव्या शतकाबरोबरच मोडला. पुढे हंगेरीपासून तुर्कस्तानपर्यंत 'तुराणी बंधुत्वा'चं राजकारण मात्र बराच काळ चाललं.

ढीग मोडल्यावर तुर्की, मंगोली, तुंगूसी हे तीन हिस्से उरले. त्यांची कथा आणखी जुनी आहे. पोल्ताव्याच्या लढाईत १७०९ साली रशियनांच्या हाती सापडलेला स्ट्रालेनबर्ग हा स्वीडिश अधिकारी. सायबेरियात कैदेत असताना त्याने तिथल्या लोकांच्या बोलींचे शब्द जमवले आणि १७३० मध्ये छापले. अल्ताई कुळाचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. त्याने एवढा दावा केला नव्हता, पण कैद्याला मोठेपण मिळालं तर आपण कशाला आड या. नंतर फिनलंडचा कास्त्रेन आला आणि विसाव्या शतकात फिनलंडचाच गुस्ताफ रामस्टेट. या रामस्टेटने खरं शास्त्र उभं केलं. त्याचा हुकमी पत्ता असा: दगड तुर्कीत 'ताश', मंगोलीत 'चुलू', बैल तुर्कीत 'ओक्युझ', मंगोलीत 'उखेर'. तुर्कीत 'श' तिथे मंगोलीत 'ल', तुर्कीत 'झ' तिथे मंगोलीत 'र', तेही ओळीने. म्हणजे 'प'-'ह'सारखा नियम सापडला की!

विरोधकांचं उत्तर मला पटतं. तुर्की कुळाचीच एक फांदी, व्होल्गाकाठची चुवाश, 'झ'ऐवजी 'र' आणि 'श'ऐवजी 'ल' म्हणते. दगड चुवाशमध्ये 'चुल'. मंगोलांच्या पूर्वजांनी या फांदीच्या पूर्वजांकडून शब्द उसने घेतले असले, तर 'र' आणि 'ल' आपोआप येतात. नियम खरा, पण तो जन्माचा नाही, देवघेवीचा. गेरार्ड क्लॉसन या इंग्रज पंडिताने १९५६ मध्ये याच दिशेने लिहिलं आणि अगदी रोजचे, कुणी कुणाकडून मागून आणत नाही असे शब्द तपासायला सांगितलं. आकडे पाहा. तुर्की: बिर, इकी, युच, दोर्त, बेश. मंगोली: नेग, होयोर, गुराव, दोरोव, ताव. मांचू: एमु, जुवे, इलान, दुइन, सुंजा. चारच्या ठिकाणी थोडा भास होतो, बाकी अंधार. उलट तेलुगूचे रेंडु, मूडु, नालुगु आणि किनवटच्या गोंडीचे रंड, मुंड, नालुंग ऐकणाऱ्याला भाषाशास्त्र शिकवावं लागत नाही. समर्थक सर्वनामांकडे बोट दाखवतात: 'मी'साठी ब-म, 'तू'साठी स-त. मंगोलीत 'माझं' म्हणजे 'मिनी'. पण मग आपलं 'मी' आणि 'माझं' कुठे ठेवायचं?

भांडण मिटलेलं नाही. २००३ मध्ये स्तारोस्तिन, डिबो आणि मुद्राक यांनी अल्ताई भाषांचा व्युत्पत्तिकोश काढला. आधी याच पक्षात असलेल्या अलेक्झांडर व्होविनने पक्ष बदलून २००५ मध्ये त्या कोशाची चिरफाड केली. २०२१ मध्ये मार्टिन रॉबेट्स आणि सहकाऱ्यांनी ईशान्य चीनमधल्या लिआओ नदीकाठच्या, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या भरड धान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत हे कुळ मागे नेलं, त्याला 'ट्रान्सयुरेशियन' असं नवं नाव दिलं, आणि लगेच त्यावरही आक्षेप आले.

माझं मत बनलं आहे ते ग्रंथांपेक्षा आपल्या सीमाभागावरून. उसनवारी शब्दांपाशी थांबते आणि व्याकरण घरचंच राहतं, हा समर्थकांचा आधार. लातूर-नांदेडची मराठी तो मोडून काढते. 'मी काम केलो', 'मी सांगितलो' हे आपल्याकडचं सरळ बोलणं. पुण्यात ऐकलं की लोक दुरुस्त करतात. प्रमाण मराठीत 'मी काम केलं', क्रियापद कर्माच्या मागे जातं. कन्नड-तेलुगूत ते कर्त्याच्या मागे जातं आणि त्यांच्या सीमेवरच्या मराठीतही तसंच जाऊ लागलं. व्याकरणाचा कणाच वाकला. तरी ही मराठी द्राविड झाली नाही. एक-दोन-तीन तिचेच राहिले. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावी गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी हेच पाहिलं आणि १९७१ मध्ये मांडलं: तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलण्यात वाक्यरचना इतकी एक झाली की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर व्हावं, पण शब्द मात्र ज्याचे त्याचे. एमेनो या भाषापंडिताने १९५६ मध्ये सगळ्या भारतालाच असं एक 'भाषाक्षेत्र' म्हटलं. त्याच्या आदल्या वर्षीच त्याचं कोलामीवरचं पुस्तक आलं होतं.

ग्रिअर्सनने केलेल्या भारताच्या भाषासर्वेक्षणातून हैदराबाद संस्थान वगळलेलं होतं, त्यामुळे आपल्या भागाची नोंद आधीच अपुरी. ती उणीव काही अंशी भरून काढली सेतुमाधवराव पगडींनी. जन्म १९१० चा, निलंग्याचा. नोकरी निजामाच्या मुलकी खात्यात. तुराणी सरदारांचे फारशी कागद मराठीत आणणारे पगडी आणि १९५० मध्ये कोलामीचं व्याकरण लिहिणारे पगडी एकच. गोंडीचंही व्याकरण त्यांनी लिहिलं. १९५६ मध्ये बीदर जिल्ह्यातून निलंगा, उदगीर, अहमदपूर मराठी मुलखात आले आणि आदिलाबादमधून किनवट आलं. राज्यांची रेघ भाषेवर ओढली; 'मी केलो' मात्र रेघेच्या अलीकडे तसंच राहिलं.

मराठी कुठल्या घरची, हा आपला निवाडा सोपा होतो, कारण मागे प्राकृत आहे, संस्कृत आहे, जुनी कन्नड आहे. तिकडे तुर्कीचे मोठे शिलालेख आठव्या शतकातले, ओर्खोन नदीकाठचे. मंगोलीची लिखित परंपरा चंगीजच्या काळापासूनची, तुंगूसीची बाराव्या शतकापासूनची. त्यामागे कागद नाही. मंगोलियातल्या ह्यूस तोल्गोई इथला एक शिलालेख मात्र सहाव्या-सातव्या शतकातला निघाला, आणि तो चक्क ब्राह्मी लिपीत आहे. तुर्क खाकानांच्या राज्यातला, म्हणून भाषा तुर्की असेल अशी अपेक्षा होती. व्होविन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो वाचला, तर भाषा मंगोली कुळातली. म्हणजे राजे तुर्क आणि त्यांच्या दगडावरची भाषा शेजाऱ्यांची. १८८० च्या दशकात उर्दू येईपर्यंत तुराणी म्हणवणाऱ्या निजामाचं दफ्तर फारशीत होतं आणि रयत मराठी, तेलुगू, कन्नड बोलत होती. अशा एका राज्यात, एका दफ्तरात शतकानुशतकं राहिलेल्या दोन भाषांत 'बघातुर' सारखा निघाला, याला सख्ख्या नात्याचा पुरावा म्हणायला मी तरी तयार नाही.